जुना कोबा फोडायच्या आधी एकदा हातोडीने वाजवून बघा

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, साधारण 1000 चौरस फुटांचा गाळा, आणि खालचा कोबा वडिलांनी 1994 ला गाळा घेतला तेव्हाचाच. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल, मागे मटेरियलचा रॅक. रोज सकाळी पोरं झाडून घ्यायची आणि दुपारपर्यंत लेथच्या बेडवर परत करड्या पावडरचा थर, बोटाने रेघ ओढली की लख्ख दिसायची. कित्येक वर्षं आम्ही धरून चाललो होतो की ही धूळ रस्त्यावरनं येते, शटरला पडदे लावले, खिडक्यांना जाळ्या लावल्या, काही फरक नाही. मग एकदा जमिनीचा फूटभर तुकडा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून घेतला, वाळू दिला आणि बुटाच्या टाचेने घासला तर परत पांढुरकी पावडर सुटली. म्हणजे आमची जमीनच झिजून हवेत उडत होती आणि मशीनच्या स्लाइडवेत (भाग सरकतात त्या पट्ट्यांत) जाऊन बसत होती, आणि आमच्या छातीत पण.

ज्याला विचारावं तो म्हणायचा फोडून टाका आणि नवीन ट्रिमिक्स करा, म्हणजे व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घट्ट केलेलं काँक्रीट. बोलायला सोपं आहे हो. हिशोब करा, 1000 चौरस फूट म्हणजे जवळपास 93 चौरस मीटर, 4 इंच जाडी धरली तर 9 घनमीटरच्या वर काँक्रीट निघतं आणि काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण 2400 किलो, म्हणजे 22 टन राडारोडा. तो भरायचा, वाहायचा, टाकायला अधिकृत जागा शोधायची, मशीन उचलून बाहेर ठेवायची, नवीन काँक्रीट ओतल्यावर त्याची पूर्ण ताकद यायला 28 दिवस, मग मशीन परत बसवून लेव्हल काढायची. छोट्या माणसाचा सव्वा-दीड महिन्याचा धंदा गेला. आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात 7-8 टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, तेव्हा चांगलं काँक्रीट फोडून तिथेच परत नवीन ओतणं मला मनापासून पटत नाही.

आणि मुळात गरजच नसते बहुतेक वेळा. जुन्या कोब्यात खराब झालेला असतो तो वरचा 2-4 मिलिमीटरचा थर. कोबा टाकताना कामगार हात सोपा जावा म्हणून पाणी जास्त घालतात, ते पाणी सिमेंटचा बारीक भाग घेऊन वर येतं, दुधावर साय धरावी तसं, आणि त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून थापीने घोटून गुळगुळीत करतात. दिसायला आरसा. पण ती साय कच्ची असते, वरून पाणी मारलं दोन दिवस आणि सोडून दिलं तर आणखीनच कच्ची. तीच नंतर धूळ होऊन निघते, तिचेच पोपडे सुटतात. खालचं खडीचं काँक्रीट मात्र ठणठणीत असतं. तेव्हा काम एवढंच, की साय काढायची, खालचा पक्का भाग उघडा करायचा आणि त्यावर जे करायचं ते करायचं.

पण "खालचं ठणठणीत आहे" हे गृहीत धरू नका, वाजवून बघा. साधी अर्धा किलोची हातोडी घ्या, मशीन बंद असताना, शक्यतो रात्री शांतता असते तेव्हा, आणि एका कोपऱ्यापासून सुरू करून हात-हातभर अंतरावर हलकेच ठोकत जा. भरीव जमीन "टण" असा बारीक कडक आवाज देते, सुटलेली जमीन "भद" करते, एकदा कानाला फरक कळला की पुढे चुकत नाही. लांब जागा असेल तर जाड लोखंडी साखळी जमिनीवरून ओढत न्या, पोकळ भागावर आली की आवाज बदलतो. जिथे भद वाजेल तिथे खडूने गोल करून ठेवा. आमच्याकडे मी आणि धाकट्या भावाने दोन तासात सगळा गाळा वाजवला, सात गोल निघाले, त्यातले पाच परातीएवढे आणि दोन मोठे, शटरजवळ जिथे मालाची ट्रॉली आपटायची तिथे. हजार फुटातले फार तर चाळीस फूट, बस. त्या रात्रीच फोडायचा विषय संपला.

दुसरी तपासणी ओलीची, आणि ही टाळली तर पुढचा सगळा पैसा पाण्यात जातो. जुन्या शेडमध्ये खाली रबल सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर मुरूम, त्यावर कोबा असं असतं, प्लॅस्टिकचा कागद कोणी टाकलेला नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल वर येत राहते. उघड्या कोब्यातून ती उडून जाते म्हणून आपल्याला कळत नाही, पण वर एपॉक्सीसारखं (दोन भाग मिसळून लावतात तो कडक होणारा रेझिनचा लेप) हवाबंद काही लावलं की ती खालून ढकलते आणि फोड येतात. तर काय करायचं, दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, जमिनीवर ठेवून चारही बाजू चिकटपट्टीने गच्च बंद करा आणि किमान 16 तास, मी तर म्हणतो पूर्ण 24 तास, हात लावू नका. ऊन पडतं तिथे लावू नका. नंतर उचलून बघा, प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा खालचा चौकोन आजूबाजूपेक्षा काळपट दिसत असेल तर ओल आहे. एकच तुकडा लावून समाधान मानू नका, मध्ये लावा, भिंतीलगत लावा, संडास-मोरीच्या भिंतीला लागून तर लावाच. आमच्या चार तुकड्यांपैकी तीन कोरडे निघाले आणि मागच्या भिंतीजवळचा, जिथे पलीकडे पाण्याची टाकी आहे, त्याला दहिवर पडावं तसे थेंब. त्याच भिंतीला खालून हातभर लोणा लागलेला होता, पण तो आम्ही इतकी वर्षं रंगाचा दोष समजत होतो.

आता माझीच 2016 ची गोष्ट सांगतो म्हणजे हे सगळं कशासाठी ते कळेल. तेव्हा एका रंगकाम करणाऱ्याने सांगितलं की एका आठवड्यात हिरवी चकाचक एपॉक्सी मारून देतो. महिना ऑगस्टचा, बाहेर धो धो पाऊस. त्याने अ‍ॅसिड टाकून जमीन धुतली, एक दिवस पंखे लावले आणि रोलरने दोन हात मारले. आठ दिवस शॉप एखाद्या दवाखान्यासारखं दिसत होतं. दिवाळीपर्यंत ट्रॉलीच्या वाटेवरची सगळी एपॉक्सी निघाली, चक्क पापडासारखे तुकडे हातात यायचे. वडील काही बोलले नाहीत पण रोज तो रस्ता झाडताना त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

पण त्या पापडांनीच मला शिकवलं. निघालेल्या तुकड्याची मागची बाजू बघायची, तिथे कारण लिहिलेलं असतं. मागे करड्या सिमेंटचा थर चिकटलेला असेल तर रंग नीट धरला होता, पण तो ज्या सायीला धरला ती सायच जमिनीपासून सुटली, म्हणजे घासाई झालीच नव्हती. मागची बाजू गुळगुळीत चकचकीत असेल तर रंगाने धरलंच नाही, खाली तेल किंवा मळ होता. आणि पांढरे क्षार किंवा ओलसरपणा असेल तर खालून पाणी. आमच्याकडे तिन्ही प्रकार मिळाले, ट्रॉलीच्या वाटेवर पहिला, लेथभोवती दुसरा, मागच्या भिंतीला तिसरा. तुमच्याकडेही आधीचं काही निघत असेल तर झाडून टाकायच्या आधी दहा-बारा तुकडे उलटे करून बघा.

अ‍ॅसिडबद्दल स्पष्टच बोलतो, करू नका. ते तेलावर चालत नाही, साय सगळीकडे सारखी काढत नाही, नीट धुतलं नाही तर क्षार मागे राहतात, जमिनीत पाणी मुरवून ठेवतं, आणि त्या वाफेने शॉपमधल्या प्रत्येक उघड्या लोखंडाला गंज चढतो. आमच्या व्हर्नियरपासून चकपर्यंत सगळ्यांवर लाली आली होती.

तर 2022 च्या डिसेंबरात परत हात घातला, या वेळी क्रमाने.

सगळ्यात आधी तेल. घासाईच्या आधी तेल काढायचं, नंतर नाही, कारण मशीनने घासताना उष्णता होते आणि तेल पसरून आणखी आत जातं. कापडाने आणि लाकडाच्या भुश्श्याने वरचं टिपून घ्या, मग अल्कलीवाला डीग्रीजर (तेल सोडवणारं क्लीनर) गरम पाण्यात, ताठ ब्रशने घासायचा, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, आणि महत्त्वाचं म्हणजे ते घाण पाणी पसरू न देता व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं. परत तेच. आमच्या जुन्या लेथखाली चार वेळा करावं लागलं. झालं का बघायला पाण्याचे थेंब टाका, थेंब मिनिटाभरात जमिनीत शोषला गेला तर छान, मोत्यासारखा वर बसून राहिला तर अजून तेल आहे किंवा जुना कुठलातरी सीलर (छिद्रं बंद करणारा लेप) आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा कारण खोल मुरलेलं तेल रात्रीतून वर येतं. जिथे कितीही केलं तरी येतच राहिलं तिथे आम्ही तेवढा इंचभर खोल भाग कापून काढला आणि नवीन भरला, त्याला इलाज नव्हता.

मग भेगा. भेग भरायच्या आधी ती जिवंत आहे का मेलेली हे ठरवावं लागतं. जिवंत म्हणजे अजून हलतेय. भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा, आणि भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना एपॉक्सीने चिकटवा, दोन-तीन महिन्यात काच तडकली किंवा भेग खुणेच्या पुढे गेली तर जिवंत. मेलेल्या भेगेला अँगल ग्राइंडरने 6 ते 10 मिलिमीटरची खाच पाडून, धूळ पूर्ण ओढून घेऊन पातळ एपॉक्सी ओतायची, ती आत झिरपते, मग वरचा भाग एपॉक्सीत क्वार्ट्झची वाळू कालवून भरायचा. जिवंत भेगेत हे केलं तर ती शेजारी नवीन ठिकाणी फुटते, तिला लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच, म्हणजे रबरासारखं ताणणारं भरणंच हवं आणि ती रेघ वरच्या थरातही तशीच ठेवायला हवी. कोब्याच्या पॅनेलमधले मूळ सांधे हा पण त्यातलाच प्रकार, कधीही बुजवून टाकू नका. खालचा सांधा हलणार, वर कितीही भारी माल लावा, तिथे रेघ उमटणारच, तर आपणच ती सरळ कापून घ्यावी आणि भरावी. ट्रॉलीची चाकं जातात तिथे भरणं जरा कडक पॉलियुरियाचं लागतं, नाहीतर चाक सांध्यात धसून कडा फोडत जातं.

खड्डे आणि ते भद वाजणारे गोल. इथे गवंडी एक गोष्ट हमखास करतात, खड्ड्यात थोडं सिमेंट-वाळूचं मिश्रण टाकून कडेला निमुळतं घोटून देतात. ते पापुद्र्याएवढं कडेचं सिमेंट पंधरा दिवसात निघतं, मग परत खड्डा. खड्ड्याच्या बाहेरून चौकोन आखायचा, कटरने कडा सरळ उभ्या कापायच्या, निदान 10 मिलिमीटर खोल, आणि आतला भाग छिन्नीने टाचे मारून खडबडीत करायचा. सिमेंटचा माल भरणार असाल तर जागा आदल्या रात्री भिजवून ठेवा, पण भरताना वर पाणी साचलेलं नको, नुसती ओलसर, त्यावर एसबीआर लॅटेक्स (सिमेंट नीट चिकटावं म्हणून घालायचं रबराचं दुधाळ द्रव) आणि सिमेंटचा दाट लगदा ब्रशने चोळायचा आणि तो ओला असतानाच माल भरायचा, वाळल्यावर भरलं तर तोच लगदा सुटायचं कारण बनतो. वर ओलं गोणपाट, सात दिवस. एपॉक्सी मॉर्टर भरणार असाल तर उलट, जागा अगदी कोरडी हवी. आम्ही शटरजवळचे दोन मोठे एपॉक्सी मॉर्टरने केले कारण सात दिवस वाट अडवून ठेवणं शक्य नव्हतं, बाकीचे सिमेंटने.

आणि सगळीकडे मिळून 10-15 मिलिमीटरचा सिमेंटचा पातळ थर मारून देतो असं कोणी म्हणालं तर हात जोडा. इतका पातळ साधा सिमेंटचा थर जुन्या जमिनीवर टिकत नाही, वाळताना आकसतो, कडेने वर उचलतो आणि वर्षाच्या आत सगळीकडे भद वाजायला लागतं. साधा कोबाच परत हवा असेल तर जुन्या जमिनीला नीट टाचे मारून 40 मिलिमीटर तरी जाडी द्यावी लागते, आणि मग दार, उंबरा, मशीनची उंची सगळंच बदलतं.

आता घासाई. सगळ्या कामाचा जीव इथे आहे, इथे पैसे वाचवू नका, वरच्या रंगात वाचवा. थ्री फेजवर चालणारं फ्लोअर ग्राइंडर भाड्याने मिळतं, चालवणारा माणूस त्यांचाच घ्या. सुरुवात 30/40 नंबरच्या मेटलच्या डायमंड सेगमेंटने, एकदा उभं आणि एकदा आडवं, कडेला आणि मशीनच्या पायांभोवती हातातल्या ग्राइंडरला कप व्हील लावून. आमची मशीन हललीसुद्धा नाहीत, भोवतीनेच घासलं. पहिल्या फेरीत वरची साय गेली आणि खाली वाळूचे कण दिसायला लागले, जरा आणखी दाबल्यावर खडीचे काळे ठिपके वर आले, आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची ना, ओली केल्यावर ती जमीन इतकी सुंदर दिसत होती की वडील खुर्ची घेऊन तिथेच बसून राहिले. कळतं कसं पुरेसं झालं? खिळ्याने ओरखडा काढा, पावडर न येता नुसती बारीक रेघ उमटली पाहिजे. हात फिरवला तर 60 नंबरच्या पॉलिश पेपरसारखं लागलं पाहिजे, वर कोटिंग करायचं असेल तर एवढा खडबडीतपणा हवाच. मोठं काम असेल आणि कंत्राटदार मोठा असेल तर पुल-ऑफ टेस्ट मागा, जमिनीला छोटी धातूची चकती चिकटवून ओढून बघतात, एपॉक्सीसाठी साधारण 1.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर आकडा यायला पाहिजे.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. काँक्रीट घासल्यावर जी बारीक धूळ उडते त्यात सिलिका असते आणि तिच्याने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडलेला नसेल तर काम सुरू करू देऊ नका, कितीही घाई असो. निदान एन95 मास्क प्रत्येकाला, तुमच्या माणसांना आणि त्यांच्याही पोरांना, तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही. पाणी घालून ओली घासाई केली तर धूळ कमी उडते पण करडा चिखल होतो, तो गटारात सोडू नका, ड्रममध्ये बसू द्या, वरचं पाणी निथळून गाळ गोणीत भरा. आणि ओल्या घासाईनंतर जमीन पूर्ण वाळेपर्यंत एपॉक्सीचं नाव काढू नका.

घासून झाल्यावर पुढे काय लावायचं हे जागेवर अवलंबून आहे, आणि सगळ्या जागेला एकच लावायचं असा काही नियम नाही.

नुसती धूळ थांबवायची असेल तर डेन्सिफायर हा सगळ्यात सरळ मार्ग, मला स्वतःला हाच सगळ्यात आवडतो. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेत काँक्रीटमध्ये चुना तयार होऊन तसाच पडून असतो, डेन्सिफायरमधलं सिलिकेट त्या चुन्याशी संयोग पावून तोच पदार्थ बनवतं ज्याने सिमेंट मुळात खडी धरून ठेवतं. म्हणजे वर रंगाचा थर नाही, जमीनच आतून घट्ट होते, त्यामुळे पोपडे निघायचा प्रश्नच नाही आणि खालची ओल उडून जायला वाट राहते. 80 किंवा 120 नंबरपर्यंत घासून, धूळ पूर्ण ओढून, फवाऱ्याने सारखं मारायचं आणि 15-20 मिनिटं जमीन ओली दिसत राहील एवढा माल देत राहायचं, जिथे पटकन पिते तिथे आणखी. सोडियमवालं घेतलं तर नंतर घासून धुवावं लागतं नाहीतर पांढरी पापडी धरते, लिथियमवालं महाग पण धुवायची कटकट नाही. चकाकी हवी असेल तर त्यानंतर रेझिनचे पॅड 100, 200, 400, 800 असे चढत न्यायचे, हौस असेल तर 1500 आणि 3000. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे शेवटपर्यंत दिसतात. पण लक्षात ठेवा, डेन्सिफायर भेगा भरत नाही, तेलाचे डाग अडवत नाही आणि लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं तर जमीन खाल्ली जाणारच, स्वयंपाकघरात करणार असाल तर वर सीलर लागतो.

तेल, कूलंट, केमिकल सांडतं तिथे एपॉक्सी. इथे मालाचा हिशोब स्वतः करायला शिका म्हणजे फसवणूक होत नाही. थिनर न घातलेला 1 लिटर माल 250 मायक्रॉन जाडीने 4 चौरस मीटर म्हणजे साधारण 43 चौरस फूट जातो, यापेक्षा जास्त जात असेल तर थर पातळ आहे. 2 मिलिमीटरचं सेल्फ लेव्हलिंग म्हटलं तर चौरस मीटरला 2 लिटर, हजार फुटांना 186 लिटर. कोटेशनमध्ये 2 मिलिमीटर लिहिलंय आणि दारात पाच बादल्या उतरल्या तर तिथेच थांबवून विचारा.

एपॉक्सीचे दोन भाग वजन करूनच मिसळायचे, अंदाजाने नाही, संथ ड्रिलला पॅडल लावून तीन मिनिटं, मग दुसऱ्या बादलीत ओतून परत थोडं, कारण पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेला माल चिकटून असतो आणि जमिनीवर तेवढा भाग कायम चिकट राहतो. मिसळला की लगेच जमिनीवर ओता, बादलीत ठेवला तर तापतो, धूर येतो आणि दगड होतो. हातमोजे घालाच, कातडीला लागून एकदा अ‍ॅलर्जी धरली की जात नाही. वेळ पण महत्त्वाची आहे, सकाळी ऊन चढत असताना काँक्रीटमधली हवा फुगून वर येते आणि ओल्या प्रायमरला बारीक भोकं पडतात, म्हणून प्रायमर दुपारनंतर तापमान उतरायला लागल्यावर मारायचा. आणि पावसाळ्यात अजिबात नाही, हवेत दमटपणा 85 टक्क्यांच्या वर गेला की एपॉक्सीवर पांढुरका चिकट थर धरतो आणि पुढचा हात त्याला धरत नाही. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) निदान 3 अंश वर असावं लागतं. आपल्याकडे कोकणात आणि घाटमाथ्याला तरी दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. पहिल्या हातानंतर दुसरा साधारण 24 तासांच्या आत, उशीर झाला तर मध्ये पॉलिश पेपर मारावा लागतो. चालायला दुसऱ्या दिवशी हरकत नाही, पण जड ट्रॉली आणि केमिकल सात दिवस लांबच. उन्हात एपॉक्सी पिवळी पडते, तेव्हा शटरच्या तोंडाशी वर पीयूचा हात घ्या. तेलाची जागा असेल तर ओल्या थरावर बारीक क्वार्ट्झ भुरभुरून घ्या, नाहीतर माणूस घसरून पडेल.

गरम पाण्याने धुवायची जागा असेल, म्हणजे डेअरी, मसाला, फरसाणचं युनिट, तिथे एपॉक्सी नको, उष्णतेने मऊ पडते. तिथे पीयू काँक्रीट, 6 ते 9 मिलिमीटर, महाग आहे पण उकळत्या पाण्याला तेच पुरतं.

जमीन वर-खाली असेल तर सेल्फ लेव्हलिंग सिमेंट मिळतं, प्रायमर मारून ओतायचं आणि काट्याच्या रोलरने हवेचे फुगे काढायचे. फक्त जिथे मोरीकडे उतार हवा आहे तिथे ते चुकूनही वापरू नका, त्याचा धर्मच सपाट होण्याचा आहे, उतार मारला जाईल आणि पाणी मध्येच साचेल.

आमच्याकडे शेवटी असं केलं, दोन्ही लेथ आणि मिलिंगभोवती 2 मिलिमीटर एपॉक्सी, बाकी सगळा रस्ता आणि रॅकखाली नुसती घासाई आणि लिथियम डेन्सिफायर, आणि मागच्या ओलीच्या भिंतीलगत पण डेन्सिफायरच, वर बंद काही लावलं नाही. शेजारच्या टाकीचा गळका पाइप आधी बदलून घेतला. भरलेले खड्डे आधीच करून ठेवले होते, त्यामुळे घासाईपासून मोजलं तर शॉप नऊ दिवस बंद होतं, तेही एकदम नाही, दोन टप्प्यात.

गावच्या घराबद्दल पण दोन शब्द. कोकणात जुन्या घरांना लाल कोबा असतो, आमच्या मामाकडे आहे, पन्नास वर्षं पायाने घासून घासून तो आरशासारखा झालाय, आणि आता लोक त्यावर टाइल्स चिकटवतायत. जीव तुटतो बघताना. तो नुसता साध्या साबणाने धुवा, अ‍ॅसिड आणि टॉयलेट क्लीनर लांब ठेवा, वाळल्यावर मेण लावून फडक्याने घोटा. भेग भरायला सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड किती घालायचं ते आधी फरशीच्या तुकड्यावर चार-पाच नमुने करून पूर्ण वाळू देऊन ठरवा, ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. वरच्या मजल्यावर काही करणार असाल तर वजन लक्षात घ्या, 40 मिलिमीटरचा नवीन कोबा म्हणजे चौरस मीटरला 96 किलो जास्त, जुन्या स्लॅबवर हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका.

फोडावं कधी, तर पॅनेलवर उभं राहिल्यावर ते डुगडुगत असेल, एक पॅनेल शेजारच्यापेक्षा खाली बसलं असेल, किंवा आतली सळई गंजून फुगून काँक्रीट उचलत असेल. तरी सगळं नाही, तेवढं पॅनेल डायमंड कटरने सरळ कापून काढा, खालचा भराव धुमसून घट्ट करा आणि तेवढंच ओता. नुसती पोकळी असेल तर भोकं पाडून खाली सिमेंटचं ग्राउट (पातळ मिश्रण) दाबून भरता येतं.

झाल्यावर सांभाळायला फार लागत नाही. झाडण्यापेक्षा ओला मॉप, साधा न्यूट्रल क्लीनर, अ‍ॅसिड असलेलं काही नाही. ट्रॉलीची लोखंडी चाकं आम्ही पहिल्याच आठवड्यात काढून पीयूची बसवली, सांध्यांच्या कडा त्यानेच वाचल्या. सांध्यातलं भरणं वर्षातून एकदा बघायचं, सुटलं असेल तर तेवढंच कापून परत भरायचं. आणि दरवर्षी पावसाळा संपला की मागच्या भिंतीजवळ मी प्लॅस्टिकचा तो चौकोन परत चिकटवतो, गेल्या वर्षी पहिल्यांदाच सकाळी तो कोरडा निघाला.